राजीनाम्यावर सही करू नकोस
अगं, गरोदर असल्याचं कळवल्यावर राजीनामा मागितला ना? सही अजिबात करू नकोस. मी घाबरून केली होती. मग 'नोकरी स्वतःहून सोडली' हे खोडून काढताना जीव मेटाकुटीला आला. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम भरलं असेल, तर पहिल्या-दुसऱ्या मुलासाठी २६ आठवड्यांची पगारी रजा हा तुझा हक्क आहे. रजेचा अर्ज लेखी दे, पोच घे. नियुक्तिपत्र, पगारपावत्या जपून ठेव. साहेब तोंडी जे बोलले ते तारखेसह आजच लिहून काढ. वकिलाच्या फीची काळजी सोड. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन कर. पण याच आठवड्यात, तक्रारीला मुदत असते.