आधी टास्क मॅनेजर उघड, मग पाकीट

अरे, फोटो-व्हिडिओ एडिटिंग करताना पीसी अडखळतोय म्हणून लगेच ग्राफिक्स कार्डाच्या मागे धावू नकोस. एडिटिंग करताना टास्क मॅनेजर (मेमरी, प्रोसेसर किती वापरात आहे ते दाखवणारी विंडोजमधली खिडकी) उघडा ठेव आणि मशीन नेमकं कुठे अडकतंय ते बघ. मेमरी ९० टक्क्यांवर गेली असेल तर आधी रॅम वाढव. फोटोंना १६ जीबी चालते, फोर-के व्हिडिओला ३२ घे, आणि एकसारख्या दोन पट्ट्यांत घे म्हणजे ड्युअल चॅनल मिळेल, दोन्ही पट्ट्या एकत्र चालून वेग वाढेल. विंडोज अजून हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडी (हार्ड डिस्कपेक्षा खूप वेगवान साठवण) पहिली; हार्ड डिस्क जुन्या शूटसाठी राहू दे.

खरी गोम कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये असते. तुझा कॅमेरा १०-बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांची जास्त माहिती ठेवणारा, घट्ट दाबलेला व्हिडिओ) देत असेल, तर एनव्हीडियाची आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीची ग्राफिक्स कार्डं तो हार्डवेअरवर उलगडत नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर येतो. इंटेलच्या ११व्या पिढीपासूनच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स मात्र उलगडतं. म्हणून स्वस्त मिळतोय म्हणून नावात 'एफ' असलेला इंटेलचा प्रोसेसर उचलू नकोस, त्यात ते ग्राफिक्सच नसतं. (मी उचलला होता. टाइमलाइन बैलगाडीसारखी चालायची.)

तोवर प्रॉक्सी (एडिटिंगपुरत्या व्हिडिओच्या हलक्या प्रती) बनवून काम कर, फुकट आहे. आणि फोटोच जास्त करत असशील तर उरलेले पैसे चांगल्या आयपीएस मॉनिटरला (कोणत्याही कोनातून रंग नीट दाखवणारा पडदा) लाव.