सुरुवात चुलीपासून कर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

चिलीवरच्या प्रबंधाचा तुझा आराखडा वाचला. पहिल्या पानावर ११ सप्टेंबर १९७३, राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यावर पडलेले बॉम्ब, सत्ता बळकावणारा जनरल पिनोशे. पान उलटलं की थेट १९८३ची त्याच्याविरुद्धची निदर्शनं : जळते टायर आणि हातात दगड घेतलेली पोरं. मधली दहा वर्षं ही पोरं खात काय होती? तुझी आई सोलापूरच्या पूर्व भागात बिड्या वळते. हा प्रश्न तुला नाही पडायचा तर कुणाला?

१९८२च्या मंदीत राजधानी सांतियागोच्या गरीब वस्त्यांतली कामं गेली. बायकांनी मिळेल ते गोळा करून एकाच चुलीवर सगळ्यांसाठी शिजवायला घेतलं. चारजण जमले तरी संशय घेणाऱ्या राजवटीत माणसं त्या चुलीभोवती जमत, आणि जमली की बोलत. ज्यांची माणसं लष्करानं गायब केली होती, त्या बायका पोत्याच्या कापडावर चिंध्या शिवून घडलेलं चितारत. कार्डिनल सिल्वा एन्रिकेस यांनी १९७६ मध्ये उभारलेली चर्चची संस्था ती चित्रं परदेशात विकायची. पोटाला पैसा आणि जगाला साक्ष, दोन्ही त्या चिंध्यांतून. चादरी-टॉवेलांच्या गावातल्या मुलीनं यावर एक ओळ लिहावी? मला तर अख्खं प्रकरण हवं.

हिंसेबद्दल लिहिताना मात्र हात आवर. २ जुलै १९८६ला सैनिकांनी निदर्शनाला निघालेल्या रोद्रिगो रोहास आणि कार्मेन ग्लोरिया किंताना यांना इंधन ओतून पेटवलं. तो १९ वर्षांचा, ती १८ची. तो चार दिवसांनी गेला, ती वाचली. त्यांच्याच पेट्रोल बॉम्बनं ते भाजले, असं लष्कर सांगत राहिलं. सक्तीच्या भरतीतल्या एका माजी सैनिकाची साक्ष २०१५ मध्ये पुढं आली, तेव्हा जुन्या अधिकाऱ्यांना अटक झाली. अशा सक्तीनं भरती झालेल्या पोरांत गरीब घरचीही होती. तुझ्या आराखड्यात ती नुसती 'लष्कर' आहेत. दिवसाच्या पैशांवर कुणाचाही झेंडा धरणारी पोरं आपल्या गल्लीत तू पाहतेस, त्यांना तू राक्षस म्हणत नाहीस. हुकूम देणारा आणि हुकूम पाळणारा, दोघांचा हिशेब वेगळा मांड. माफ कुणालाच करू नकोस.

तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारेलच, 'याचा सोलापूरशी काय संबंध?' लगेच इंग्रजांनी १९३०ला सोलापुरात लावलेला मार्शल लॉ पुढं करू नकोस. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी झाली, ती परक्या सरकारनं दिली. चिलीत बंदूक आपल्याच देशाच्या सैन्याची होती. शेजारी कोण खबऱ्या आहे ही भीती त्यातून येते, आणि ती निराळी. साम्य दाखवायचंच तर फरक सांगून दाखव. (या चौघांचे पुतळे असलेल्या चार पुतळा चौकाचा फोटो मुखपृष्ठावर टाकायचा विचार असेल तर तोही सोड.)

शिक्षण सोडून दुकानात पूर्णवेळ लागायचं चाललंय, असं कानावर आलं. संध्याकाळचं काम धर, हरकत नाही, पण परीक्षेचा फॉर्म आधी भर. फीचं आपण बघू.

रविवारी सकाळी ये. येताना आईला विचारून ये, बिड्या जमा करतात त्या ब्रँचमध्ये छाट, म्हणजे नापास बिड्या, निघाली की मजुरी कशी कापतात, आणि त्यावर बायका आपसांत काय बोलतात. दुसऱ्या प्रकरणाचे प्रश्न त्यावरून काढू.

तुझे सर