वाचकांचे प्रश्न : जमीन वाढली, तिजोरी रिकामी

प्रश्न : ‘क्रुसेडर किंग्ज ३’ या मध्ययुगीन राज्यकारभाराच्या व्हिडिओ गेममध्ये १०६६ साली मन्स्टरपासून (आयर्लंडमधलं छोटं राज्य) सुरुवात करून सात काउंट्या (छोटे परगणे) घेतल्या. डोमेन लिमिट, म्हणजे राजाने थेट स्वतःकडे ठेवायच्या जमिनीची मर्यादा, पाच आहे. उत्पन्न वाढायच्या ऐवजी घटलं. असं का?

उत्तर : लिमिटवरच्या दोन काउंट्यांपुरतीच कपात होईल, असं अनेकांना वाटतं. पण लिमिट ओलांडलं की सगळ्याच डोमेनचा कर आणि लेव्ही (तिथून मिळणारे सैनिक) कमी होते. त्यात नव्याने जिंकलेल्या काउंटीत कंट्रोल (तुमची पकड) कमी असतो, म्हणजे तिथून हाती फारसं लागत नाही. मार्शलला (दरबारातल्या सेनाप्रमुखाला) ‘कंट्रोल वाढवा’ या कामावर लावा. एका वेळी एकच काउंटी होते, त्यामुळे जास्त डेव्हलपमेंट (विकास) असलेली आधी घ्या.

दोन काउंट्या देऊनच टाका. राजधानीच्या डचीतल्या (डची म्हणजे काही काउंट्यांचा गट) मात्र देऊ नका. डचीच्या राजधानीत एक खास इमारत बांधता येते, आणि ती काउंटी व डचीचा किताब दोन्ही तुमच्याकडे असतील तरच तिचा फायदा मिळतो. लांबच्या, तुमच्या डचीबाहेरच्या, इमारतींना जागा कमी असलेल्या काउंट्या आधी सोडा. दोन्ही एकाच सरदाराला दिल्या तर उद्या तोच डोईजड होतो.

लिमिट बरंचसं ठरतं ते राजाच्या स्वतःच्या स्ट्युअर्डशिपवर, म्हणजे कारभाराच्या कौशल्यावर. जोडीदाराला डोमेन सांभाळायच्या कामाला लावलं तर त्यात थोडी भर पडते. वारस या बाबतीत कच्चा असेल तर गादीवर बसल्याच दिवशी लिमिट खाली येतं, म्हणून काठोकाठ भरू नका.

प्रश्न : काउंटीतल्या रिकाम्या जागेत किल्ला बांधावा की शहर?

उत्तर : लिमिट भरलेलं असेल तर शहर. त्याला महापौर मिळतो आणि तो कर देतो. डोमेनमध्ये ते मोजलं जात नाही. किल्ला स्वतःकडे ठेवला तर मोजला जातो. कॅथलिक राजाच्या चर्चचा कारभार धर्मगुरूकडे असतो. तो नाराज असेल तर तिथून काही येत नाही, तेव्हा त्याचं मत आधी वाढवा.

प्रश्न : राजा मेल्यावर धाकटे भाऊ अर्ध्या काउंट्या घेऊन जातात. उपाय?

उत्तर : सुरुवातीच्या विभागणी कायद्यात हे टळत नाही, फक्त काय जाणार ते आपण निवडू शकतो. धाकट्याला हयातीतच लांबची काउंटी द्या. ती त्याच्या वाट्यात धरली जाते. गेममधली वारसांची स्क्रीन अधूनमधून उघडून पाहा, कोणती काउंटी कोणाकडे जाणार ते तिथे दिसतं. सगळं थोरल्यालाच देणारा कायदा मध्ययुगाच्या शेवटच्या टप्प्यात मिळतो.