खलाशांच्या युनियनने राजकारणात का पडावं? पगाराचं बघितलं तर पुरे नाही का?

तुमचा भाऊ बोटीवर आहे, दर कॉन्ट्रॅक्टला युनियनची वर्गणी कापली जाते, आणि नेतेमंडळी दिल्लीला निवेदनं घेऊन फिरतात. त्यापेक्षा पगारवाढ मागा, असं तुमचं म्हणणं. मी बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून निवृत्त झालो, मेसरूममध्ये ही कुरकुर रोज ऐकली आहे. माझं उत्तर असं की पगाराचंच बघायचं असेल तर दिल्लीची वारी चुकत नाही.

गिरणी कामगाराला मालक ठाऊक असायचा. गेटवर बसलं की त्याची गाडी अडायची. तुमच्या भावाचा मालक कोण ते एकदा त्याला विचारा. मी होतो त्यातल्या एका बोटीवर झेंडा, म्हणजे बोटीची नोंदणी, पनामाची, मालक म्हणजे मार्शल आयलंड्समधली कागदावरची कंपनी, मॅनेजर सिंगापूरला आणि मला भरती करणारा एजंट अंधेरीत. पगार थकला की अंधेरीवाला म्हणणार, मी फक्त एजंट. मोर्चा न्यायचा तरी कुठे? बोटीवर कायदा चालतो तो झेंडा ज्या देशाचा त्याचा. कायदे जिथे लिहिले जातात तिथे जहाजमालकांच्या संघटना बारा महिने ठाण मांडून असतात. त्यांना मात्र कोणी म्हणत नाही की राजकारण कशाला करता.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. १७ मार्च २०२२ रोजी पी अँड ओ फेरीज या प्रवासी बोटींच्या कंपनीने जवळपास ८०० खलाशांना व्हिडिओ मेसेजवर घरी बसवलं. तिथे युनियन होत्या, करार होते, सगळं होतं. त्यांच्या जागी एजन्सीचे खलाशी आणले, सरासरी तासाला साडेपाच पौंडांवर. हे तिथल्या किमान वेतनापेक्षा कितीतरी कमी, पण बोटी परदेशी झेंड्याच्या आणि आंतरराष्ट्रीय मार्गावरच्या, त्यामुळे तो कायदा तिथवर पोचतच नव्हता. कंपनीच्या प्रमुखाने खासदारांच्या समितीपुढे सरळ कबूल केलं की युनियनशी आधी चर्चा करणं बंधनकारक होतं, ते माहीत असून आम्ही केली नाही. युनियनला पुढची लढाई संसदेतच लढावी लागली. २०२३ मध्ये नवा कायदा झाला: ब्रिटिश बंदरांत नियमित येणाऱ्या बोटींनी निदान त्या पाण्यात असेपर्यंत किमान वेतनाइतका पगार द्यायचा. गेलेल्या नोकऱ्या त्याने परत आल्या नाहीत, हेही खरंच.

आपल्या मुंबईच्या गोदीतही वेगळं घडलं नाही. पूर्वी गोदी कामगार टोळीवाल्याच्या मर्जीवर असे. त्याने बोट दाखवलं तर आज काम, नाहीतर घरी जा. संप करून दिवसाचा दर वाढवता आला असता, पण उद्या काम मिळेल याची हमी कुठला संप देणार? त्याला १९४८ चा गोदी कामगारांचा कायदा लागला आणि १९५१ मध्ये मुंबईत त्याची योजना आली. नोंदणी, पाळीने काम, आणि बोट नसेल त्या दिवशीही हजेरीचे पैसे. गोदी कामगारांचे नेते पी. डिमेलो यांच्या काळातल्या युनियनचा जोर संपात होता हे कबूल, पण पिढ्यान्पिढ्या टिकलं ते कायद्यात उतरलेलं.

आता आजची गोष्ट. आमच्या तालुक्यातला एक पोरगा छोट्या टँकरवर होता. बोट आखातात अँकरेजला, म्हणजे बंदराबाहेर नांगर टाकून उभी, मालकाने फोन उचलणं बंद केलेलं, पगार सात महिने नाही. डिझेल वाचवायला जनरेटर संध्याकाळी दोन तास चालायचा, तेवढ्यात भात शिजवायचा आणि मोबाईल चार्ज करायचे. रेंज फक्त ब्रिजच्या, म्हणजे बोट जिथून चालवतात त्या खोलीच्या, बाहेर कोपऱ्यात, तिथे उभं राहून तो आईशी बोलायचा. उतरून घरी यावं, तर बोटीवर किमान इतकी माणसं हवीत हा नियम, म्हणून बदली आल्याशिवाय बंदरवाले सोडेनात. यात संप कसला करणार? बोट आधीच उभी होती! त्याला हवं होतं ते झेंड्याच्या देशाचं उत्तर, बंदराची परवानगी, वकिलातीचा फोन. यातलं एकही काम कराराच्या टेबलावर होत नाही.

अशा वेळी हाताशी असतो तो २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार, बोटीवर सगळे ज्याला एमएलसी म्हणतात तो. भारताने त्याला २०१५ मध्ये मान्यता दिली. खलाशी वाऱ्यावर सोडले तर त्यांना घरी पाठवण्याचा खर्च आणि थकलेला पगार विम्यातून मिळावा, ही सुधारणा १८ जानेवारी २०१७ पासून लागू झाली. पण पगाराची मर्यादा चार महिने. त्या पोराचे थकले होते सात. ही मर्यादा सरकारं, मालक आणि खलाशांच्या युनियन यांनी समोरासमोर बसून ठरवली. चाराचे सहा करायचे तर त्याच टेबलावर परत जोर लावावा लागेल, आणि तिथे आपलं सरकार कोणाच्या बाजूने बोलणार हे दिल्लीत ठरतं.

कधीकधी भांडण आपलं नसतंच. २०२० मध्ये ‘जग आनंद’ आणि ‘अनास्तासिया’ या बोटी ऑस्ट्रेलियाचा कोळसा घेऊन चीनच्या बंदरांबाहेर अडकल्या. वाद त्या दोन देशांचा, आणि ३९ भारतीय खलाशी महिनोन्‌महिने बोटीवर. मालकाशी भांडून काय होणार होतं? युनियन सरकारच्या मागे लागल्या, सरकार चीनशी बोललं, आणि २०२१ च्या सुरुवातीला माणसं घरी आली.

आणखी एक, ज्याचा मला खरा राग येतो. तुमच्या भावाने गेल्या निवडणुकीत मत दिलं का? बहुधा नाही. टपाली मतदान सैन्यातल्या जवानाला मिळतं, व्यापारी बोटीवरच्या खलाशाला नाही. ज्याचं मत पेटीत पडत नाही त्याच्याकडे आमदार-खासदार कशाला बघतील? त्याच्या वतीने बोलायला युनियनशिवाय दुसरं कोण आहे?

राजकारण म्हणजे पक्षाचा झेंडा खांद्यावर घेणं, असं मी म्हणत नाही. डिमेलोंच्या हाताखाली तयार झालेले जॉर्ज फर्नांडिस १९६७ मध्ये दक्षिण मुंबईत स. का. पाटलांना हरवून संसदेत गेले, तोही एक रस्ता आहे. पण युनियन एका पक्षाच्या दावणीला बांधली गेली की तो पक्ष तिला गृहीत धरतो आणि दुसरा दारात उभी करत नाही. शिवाय काही नेत्यांना खलाशी आठवतात ते फोटोपुरते. तुमचा संशय तिथे असेल तर मी तुमच्या बाजूने.

म्हणून वर्गणी बंद करायची भाषा सोडा आणि हिशेब मागा. १९५८ च्या मर्चंट शिपिंग ॲक्टच्या, म्हणजे व्यापारी जहाजांच्या कायद्याच्या, जागी २०२५ चा मंजूर झाला. त्याच्या मसुद्यावर युनियनने काय लिहून दिलं होतं, त्यातलं काय घेतलं गेलं, आणि नियमांबाबत पुढे काय मागणार आहेत, हे लेखी विचारा. सभासद भाऊ आहे, तेव्हा ईमेल त्याच्या नावाने जाऊ द्या, सीडीसी, म्हणजे खलाशाच्या सरकारी नोंदपुस्तकाचा, नंबर टाकून.