वाचकांचे प्रश्न : पाव इंची नळीची चकमकीची रायफल

प्रश्न : मकरपुऱ्यातील एका कारखान्यातून टर्नर म्हणून मी निवृत्त झालो असून घरी एक लहान लेथ आहे. अमेरिकेतील हौशी कारागीर पाव इंच व्यासाच्या नळीची, तोंडातून ठासायची आणि गारेच्या ठिणगीने पेटणारी रायफल तयार करतात, असे वाचनात आले. नळी एवढी बारीक कशासाठी ठेवतात? अशी रायफल मला घरी तयार करता येईल काय?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देणे भाग आहे, आणि ते नकारार्थी आहे. शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 5 प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक तयार करणे हा गुन्हा आहे. बंदूक जुन्या पद्धतीची आहे किंवा केवळ हौसेसाठी आहे, एवढ्याने तो टळत नाही. त्याच कायद्याच्या व्याख्येत बंदुकीचे सुटे भागही येतात, म्हणून ‘नुसती नळी तर कातून पाहतो’ हा विचारसुद्धा मनात आणू नये. 2019 च्या दुरुस्तीनंतर तर या बाबतीतील शिक्षा फारच कडक झाली आहे.

मात्र आपला पहिला प्रश्न खरोखर कारागिराचा आहे. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात स्थायिक झालेल्या जर्मन लोहारांनी लांब नळीची, आत पिळाच्या खाचा असलेली रायफल घडवली. आरंभी तिचा व्यास बराच मोठा असे. पुढे डोंगराळ भागात खारीसारखी लहान शिकार करणाऱ्यांसाठी 0.36 आणि 0.32 इंचाच्या नळ्या प्रचारात आल्या. कारण अर्थातच काटकसरीचे होते. गोळीचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ब्रिटिश फौजेच्या पाऊण इंची बंदुकीतली शिशाची गोळी सुमारे 32 ग्रॅमची असे, 0.32 इंची रायफलीची तीन ग्रॅमच्या आत येते, आणि पाव इंचीची तर जेमतेम 1.3 ग्रॅमची. गोळी हलकी तशी दारूही चिमूटभर, त्यामुळे शिसे आणि दारू दूरच्या बाजारातून आणावी लागणाऱ्या माणसाला अशी बंदूक परवडे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीच्या उपयोगाचा प्रश्नच उरलेला नाही.

आता अडचणींकडे वळू. नळीचा व्यास अर्धा केला म्हणून बाकी सगळे त्या मापात अर्धे होत नाही, आणि अशी रायफल घडवणाऱ्याचे कसब नेमके तिथेच लागते. पहिली अडचण बंदुकीच्या कानाची, म्हणजे रंजकीची (बाहेर ठेवलेल्या चिमूटभर पेटवणीच्या दारूची) आग नळीतल्या दारूपर्यंत पोचवणाऱ्या छिद्राची. ते साधारण दीड मिलिमीटरचे असते आणि त्याहून फार बारीक केले, तर बार पेटण्याचा भरवसा राहत नाही. मोठ्या नळीत त्यातून निसटणारा वायू नगण्य ठरतो. पाव इंची नळीत मुळात दारूच थोडी असल्यामुळे तीच गळती जाणवण्याइतकी होते. दुसरी अडचण काजळीची. काळी दारू जळाल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घन अवशेषाच्या रूपाने मागे उरतो, आणि बारीक नळीत त्याचा पातळ थरही पुढची गोळी अडवतो. त्यातच ठासणीचा गज नळीहून बारीक हवा, म्हणजे लाकडी गज पेन्सिलीपेक्षाही सडपातळ होतो आणि घट्ट बसलेली गोळी रेटताना मोडतो.

वजनाबाबत मात्र बहुतेकांचा अंदाज चुकतो. बाहेरचे माप तेच ठेवून आतले भोक लहान केले, तर आत अधिक पोलाद उरते आणि नळी हलकी होण्याऐवजी जड होते. म्हणून चांगला कारागीर नळीचा बाहेरचा आठ पैलूंचा आकारही बारीक घेतो किंवा तोंडाकडे निमुळता करत नेतो, आणि त्या सडपातळ नळीला शोभेल असे लाकूड घेतले, की त्यात बसवायचे कळीचे, म्हणजे ठिणगी पाडणारे, यंत्रही लहान हवे. इथे खरी पंचाईत होते. यंत्र लहान म्हणजे कमान (स्प्रिंग) लहान, आणि कमान अशक्त झाली तर ठिणगी पडत नाही. माझ्या मते एखाद्याने ही बंदूक उत्तम केली आहे की नाही, हे नळी पाहून नव्हे, तर त्या चिमुकल्या यंत्राची ठिणगी पाहून ठरवावे.

ठिणगी दगडातून निघते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वास्तविक घोड्यात धरलेल्या गारेची धार समोरच्या पोलादी पात्याचे सूक्ष्म कण खरवडते आणि ते कण हवेत पेटतात. त्यामुळे पात्याला भरपूर कार्बन असलेले, पाणी दिलेले कडक पोलाद लागते; आपल्या लेथवर रोज कातले जाणारे नरम लोखंड तिथे निरुपयोगी आहे. हा भाग आपण घरी, कायद्याच्या चौकटीत राहून अनुभवू शकता. आपल्या शेजारीच खंभातचे कारागीर रतनपूरकडचा अकीक घडवतात. त्याची धारदार कपची घेऊन, डोळ्यांवर चष्मा चढवून, जुन्या कानशीच्या गुळगुळीत केलेल्या कडेवर तिरकी ओढून पाहावी. धार बोथट होताच ठिणग्या कमी पडू लागतात, हे लगेच ध्यानात येईल. यंत्राची रचना समजून घ्यायची असेल, तर घोडा, तो अर्धा व पूर्ण चढवण्यासाठी दोन खाचे असलेली चकती आणि तिला अडवणारा खटका, एवढे भाग सागवानात तिप्पट मापाने करावेत. आपल्यासारख्या टर्नरला ते काम बंदुकीइतकेच आवडेल, अशी माझी खात्री आहे.

प्रश्न : आमच्या दांडिया बाजारातील जुन्या घराच्या माळ्यावर ठासणीची, दगड धरणाऱ्या घोड्याची एक बंदूक सापडली. ती घासूनपुसून दिवाणखान्यात लावावी म्हणतो. काही काळजी घ्यावी काय?
— एक वाचक, बडोदे

उत्तर : ती भरलेली आहे असेच समजावे. काळी दारू कोरडी राहिली, तर कित्येक दशकांनीही पेटते. तोंड माणसांपासून दूर ठेवून, स्वतःही त्याच्या समोर न येता, एक लाकडी काठी अलगद आत सोडावी, तोंडापाशी खूण करावी आणि तीच काठी नळीला बाहेरून लावून पाहावी. काठीचे टोक बुडाजवळच्या कानापर्यंत पोचत नसेल, तर आत काहीतरी आहे. ते उकरून काढण्याचा प्रयत्न करू नये, पोलिसांना कळवावे.

शस्त्र अधिनियमाच्या कलम 45 मधील सूट कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या शस्त्रालाही केवळ ते दुरुस्त करूनसुद्धा चालण्याजोगे नसेल तरच मिळते, आणि तो निर्णय आपण स्वतः घ्यायचा नाही. परवाना देणाऱ्या कार्यालयात ती दाखवूनच पुढचे ठरवावे. तोवर पॉलिश पेपर लावू नका. कळीच्या पट्टीवर कंपनी सरकारचा शिक्का असू शकतो. तो 1808 च्या सुमारापर्यंत हृदयाच्या आकाराचा आणि नंतर उभ्या सिंहाचा असे, आणि बंदुकीचा काळ ठरवायला हा शिक्काच सर्वात उपयोगी पडतो. मऊ फडक्याने धूळ पुसून लोखंडाला हलके तेल लावावे, आणि घोडा मागे ओढून पाहण्याचा मोह टाळावा, कारण शंभर-दोनशे वर्षांच्या कमानी अशाच मोडतात.