हिवाळी गव्हाला थंडी सरल्यावरही ती लक्षात कशी राहते?

तुम्ही विचारलंय की थंड देशांत शरदात पेरतात तो हिवाळी गहू वसंतात पेरला तर नुसती पाती आणि फुटवे वाढत राहतात, ओंबी येत नाही. मग शेजारच्या वसंती वाणाला थंडीशिवाय ओंबी कशी येते?

हिवाळी गव्हात फुलोऱ्याला ब्रेक लावलेला असतो. साधारण ० ते १० अंश सेल्सिअसची थंडी काही आठवडे मिळाली की तो सुटतो. यालाच वासंतीकरण म्हणतात. वसंती वाणात हा ब्रेक टिकतच नाही.

हा ब्रेक म्हणजे व्हीआरएन२ हे जनुक. दिवस मोठे असताना ते व्हीआरएन३ या दुसऱ्या जनुकाला दाबून ठेवतं. व्हीआरएन३ पानांत एक प्रथिन तयार करतं. ते शेंड्याच्या वाढबिंदूपर्यंत पोचलं की पानं धरणं थांबून ओंबी धरायला लागते. आता थंडीचं काम. कोवळ्या रोपात व्हीआरएन१ हे तिसरं जनुक जवळजवळ बंद असतं. थंडीत ते हळूहळू, आठवड्यागणिक जास्त सुरू होतं आणि व्हीआरएन२ला गप्प करतं. हा संथपणा मला फार मोलाचा वाटतो. शरदातल्या चार गार रात्रींनी फसून रोपानं ओंबी धरली असती, तर ती पुढच्या गोठणाऱ्या थंडीत मेली असती.

थंडी गेल्यावर व्हीआरएन१ पुन्हा बंद का होत नाही? डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावर रासायनिक खुणा असतात. थंडीत व्हीआरएन१वरच्या ‘बंद’च्या खुणा कमी होतात, ‘चालू’च्या वाढतात, आणि पेशी विभागली तरी नव्या पेशींत त्या कायम राहतात. डीएनएची अक्षरं मात्र तीच राहतात. म्हणून ही आठवण त्या रोपापुरतीच. पुढच्या पिढीचं बी पुन्हा कोरं असतं, त्याला स्वतःची थंडी लागते.

हे मी मुद्दाम सांगतोय. थंडीच्या गरजेवर जर्मनीत वनस्पतिशास्त्रज्ञ गास्नर यांनी १९१८ मध्येच लिहिलं होतं. पुढे सोव्हिएत संघात कृषितज्ज्ञ लिसेंको यांनी थंडी दिलेल्या बियाण्याचा गुण वंशात उतरतो असा दावा रेटला. तो चुकीचा होता, आणि त्या हट्टापायी तिथल्या आनुवंशशास्त्राचं आणि शास्त्रज्ञांचं अपरिमित नुकसान झालं.

वसंती वाणांत बदल खुद्द डीएनएत असतो. व्हीआरएन१च्या सुरुवातीच्या भागात किंवा पहिल्या इंट्रॉनमध्ये (जनुकाच्या मधल्या, प्रथिनाचा संकेत नसलेल्या भागात) तुकडा गळालेला किंवा घुसलेला असतो, त्यामुळे ते थंडीची वाट न पाहता सुरू होतं. ब्रेड गव्हात गुणसूत्रांचे ए, बी आणि डी असे तीन संच असतात. असा बदल प्रभावी असल्यानं एकाच संचातली एकच प्रत पुरते. उलट व्हीआरएन२ निकामी करून गहू वसंती करायचा, तर सगळ्या चालू प्रती निकामी व्हायला हव्यात. एकाच संचाच्या बार्लीत हे सोपं, म्हणून तिथे व्हीआरएन२ गमावलेली वसंती वाणंही भेटतात. भात आणि मक्याला थंडीची अशी गरजच नसते.

थंडी मिळाली म्हणजे ओंबी लगेच येते असंही नाही. पीपीडी१ हे जनुक दिवसाची लांबी पाहतं. दिवस मोठे झाले की तेही व्हीआरएन३ला चालना देतं.

स्वतः पाहायचं असेल तर बी ओलं करून कोंबाचं टोक दिसलं, की सहा-आठ आठवडे फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास ठेवा आणि मग थंडी न दिलेल्या बियांसोबत लावा. मी केलं तेव्हा थंडी न मिळालेली कुंडी उन्हाळाभर गवताचा झुपका होऊन राहिली. शेजारच्या कुंडीत ओंब्या डोलत होत्या. एक काळजी घ्या: फ्रिजमधून काढलेली रोपं लगेच तिशीच्या वरच्या उष्णतेत नेऊ नका. थंडीचा काळ कमी पडला असेल, तर अशा उष्णतेनं मिळालेला परिणाम पुसलाही जातो.