आदत खोंडाला फाटीवर न्यायच्या आधी

बाळा,

खोंडाचा व्हिडिओ बघितला, काय देखणं जनावर आणलंयस! अस्सल खिल्लार. आणि तू विचारतोयस पुढच्या महिन्यात जत्रेच्या बैलगाडा शर्यतीला आदतमध्ये, म्हणजे दुधाचे दात न पडलेल्या खोंडांच्या गटात, पळवू का. फोनवर हो-नाही करून भागणार नाही म्हणून लिहितोय.

आधी त्याचं तोंड उघडून बघ. दुधाचे दात सगळे तसेच असतील तर तो दोन-अडीच वर्षांच्या आतलाय, म्हणजे हाडं अजून वाढतायत, सांधे कोवळे आहेत. आपल्याकडं आदत पळवतात, पळाला की मागणी येते, सगळं माहितीये मला. रेसकोर्सवर पण दोन वर्षांची घोडी पळवतात आणि तिथंही लोक यावरूनच भांडतायत. माझं ऐकशील तर निदान चौसा होऊ दे, म्हणजे चार कायमचे दात येऊ देत.

2014 ला सुप्रीम कोर्टानं शर्यती बंद केल्या तेव्हा मीही लय चिडलो होतो, आमच्या बैलावर आमच्याइतकी माया कोण करतंय असं वाटायचं. नंतर निकालात काय म्हटलंय ते नीट समजून घेतलं, की बैल ओढकामाचं जनावर, घोड्यासारखी पळायची त्याची ठेवण नाही, तो पळतो ते भीतीनं आणि दुखतं म्हणून. हे मला पूर्ण पटलं नाही, जुपायला घेतलं की कान टवकारून उभे राहणारे बैल मी बघितलेत. पण बैल आवडीनं पळत असेल तर शेपटी कशाला पिरगाळायची, बॅटरीचा शॉक कशाला लावायचा? याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, आजही नाही. 2023 ला सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं शर्यतींना परवानगी देणारा आपला महाराष्ट्राचा कायदा मान्य केला, शर्यती कायदेशीर झाल्या, पण त्याच कायद्यात बैलाला त्रास दिला तर 5 लाखांपर्यंत दंड नाहीतर 3 वर्षांपर्यंत कैद आहे, हे मैदानात कुणी माईकवरून सांगत नाही.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. आपल्या गोठ्यातला कोसा बैल गटात पहिला आला, सेमीफायनलला जाताना पुढचा उजवा पाय जरा उचलून टाकत होता, मला दिसलं होतं. लोक ओरडत होते, डीजे चालू, मी म्हटलं एवढी एक फेरी होऊ दे. त्यानंतर तो कधी नीट चालला नाही, अकरा वर्षं दावणीला होता आणि रोज सकाळी वैरण टाकताना मला त्याचा तो पाय दिसायचा.

म्हणून सांगतो, फाटीवर, म्हणजे पळायच्या पट्टीवर, गेल्यावर लोकांकडं बघू नकोस, बैलाकडं बघ. तोंडाला फेस, डोळ्याचं पांढरं दिसतंय, जुपताना मागं सरतोय, पातळ शेण टाकतोय, तर सोड आणि घरी आण, मग एंट्री फी गेली तरी जाऊ दे.

आणि पळायचा थांबल्यावर त्याचं काय करणार ते आत्ताच घरच्यांशी बोलून ठेव. पळायची वर्षं मोजकीच, त्यानंतरही तो खूप जगतो, त्याला कडबा-पेंड लागतेच. बाजारात उतरवायचा विचार असेल तर मला आधी सांग, माझ्या गोठ्यात जागा आहे.

रविवारी येतो, दोघं मिळून दात बघू. तोवर त्याला नुसतं बांधून ठेवू नकोस, सकाळी ओढ्यापर्यंत चालवून आणत जा.

तुझा मामा